कवडीमोल कुणी ठरवलं?

थोडं मोठं लिहितोय. वेळ काढून शेवटपर्यंत वाचा. विषय आपल्या बारामती-इंदापूरचा आहे, आणि समुद्राचाही आहे.

"आपल्याकडं समुद्र कुठाय?" असं कुणीतरी विचारणारच. नाहीच. आपल्याकडं नीरा आहे, कऱ्हा आहे, भीमा आहे, उजनीचं पाणी आहे. समुद्र बघायचा तर घाट उतरून कोकणात जावं लागतं. पण जरा आठवा. देव्हाऱ्यात शंख. आराधिणीच्या परडीवर शिवलेल्या कवड्या. पोळ्याला बैलाच्या गळ्यात कवड्यांची माळ. पट मांडून खेळायला मूठभर कवड्या. तान्ह्या पोराला दृष्ट लागू नये म्हणून काळ्या दोऱ्यात ओवलेली एक कवडी. ज्या बायकांनी जन्मात समुद्र पाहिला नाही, त्यांच्या घरात समुद्र होता.

आता घरी जाऊन शोधा. बहुतेकांच्या घरात काही सापडणार नाही. कुठं गेलं ते सगळं? मी सांगतो, कारण आमच्या घरातलं मीच घालवलंय.

मी काही इतिहासाचा अभ्यासक नाही. ठिबकचं दुकान आहे माझं. गाव इंदापूर तालुक्यातलं, धंदा बारामतीत. २०१४ साली आम्ही माळवदाचं जुनं घर पाडून स्लॅबचं बांधायला काढलं. माळ्यावरचं सगळं अंगणात आलं. पितळी घंगाळ, फुटका कंदील, बैलांचा साज, आज्जीची परडी. त्याच आठवड्यात मोटरसायकलवर एक जण आला. "जुनंपुरानं काय हाय का?" घंगाळ काट्याला लावलं, भाव केला, घासाघीस झाली. निघता निघता सहज म्हणाल्यासारखं म्हणाला, "ह्या कवड्या पन टाका त्यातच. पोरांना खेळायला व्हतील." बैलाच्या दोन माळा आणि परडी त्यातच गेली. एकूण अठराशे रुपये. ते घंगाळाच्या वजनाचे. कवड्यांचे शून्य.

पैसे मी स्वतः मोजून घेतले. आई तेव्हा काही बोलली नाही. संध्याकाळी भाकरी थापताना एवढंच म्हणाली, "परडी इकायची नसती रं. तुळजापूरला न्यायची असती."

त्या परडीवर एक कवडी नव्हती. बाहत्तरच्या दुष्काळात आज्जी खडी फोडायच्या कामावर होती, तिथं ती पडली. आज्जीनं तिच्या जागी आज्ज्याच्या सदऱ्याचं निळं बटण टाचलं. मंगळवारी परडी पुढ्यात घेतली की आम्ही पोरं आधी ते बटण शोधायचो.

मागच्या महिन्यात एका मित्रानं लिंक पाठवली. जुन्या वस्तूंचा ऑनलाइन लिलाव. त्यात एक परडी. खाली इंग्रजीत लिहिलेलं, त्याचा अर्थ असा : दख्खनी लोककला, कवडीकाम केलेली पूजेची टोपली, विसाव्या शतकाचा पूर्वार्ध, खासगी संग्रहातून. बोलीची सुरुवात अठ्ठावीस हजारांपासून. मी फोटो मोठा करकरून निळं बटण शोधलं. दिसलं नाही. फोटो एकाच बाजूचा होता. ती आमची नसेलच बहुधा. अशा परड्या गावोगाव होत्या. पण समजा आमची असती, तरी मी काय सिद्ध करणार होतो? ना फोटो, ना कागद. आज्जीचं अख्खं आयुष्य "खासगी संग्रह" या दोन शब्दांत बसलं असतं.

तिथं माझं टाळकं सरकलं. म्हणून हे लिहितोय.

लिलाव आपल्याला नवा नाही. मार्केट यार्डात कांद्याचा होतो, डाळिंबाचा होतो, भिगवणला मासळीचा होतो. आपला शेतकरी ढिगापाशी उभा असतो. बोली त्याच्या कानावर पडते. पटलं नाही तर माल देत नाही, भांडतो. हातात पट्टी येते, तिच्यावर त्याचं नाव असतं. आणि भाव पडला की आपण काय म्हणतो? "कवडीमोल". कांदा कवडीमोल गेला म्हणून आपण रस्ता अडवतो, आणि ते बरोबरच आहे. मग खरीखुरी कवडी कवडीमोल जाते तेव्हा आपण हूं का चूं का करत नाही? या दुसऱ्या लिलावात मालकाला बोली ऐकू येत नाही. लिलाव आहे हेच त्याला माहीत नसतं. पट्टी निघते, पण तिच्यावर त्याचं नाव नसतं.

"अहो, कवडीच ती. तिला काय किंमत?" असं म्हणणाऱ्यांसाठी थोडा इतिहास सांगतो.

भास्कराचार्यांनी ११५० साली 'लीलावती' लिहिली. आपल्याच महाराष्ट्रात, चाळीसगावजवळच्या पाटण्याला, त्यांच्या घराण्याचा शिलालेख आहे. त्या गणिताच्या पुस्तकात सुरुवातीलाच नाण्यांचं कोष्टक येतं आणि ते कवडीपासून सुरू होतं. वीस कवड्यांची एक काकिणी, चार काकिणींचा एक पण, सोळा पणांचा एक द्रम्म. हिशेब करा, एका द्रम्माच्या १२८० कवड्या. म्हणजे कवडी हा पैसा होता. ती यायची मुख्यतः मालदीव बेटांवरून. बंगाल-ओडिशात तर बाजार आणि सारा तिच्यावरच चालायचा. युरोपच्या व्यापाऱ्यांनी याच कवड्या जहाजं भरभरून पश्चिम आफ्रिकेत नेल्या आणि त्या देऊन माणसं विकत घेतली, गुलाम म्हणून.

मग कवडी कवडीमोल कधी झाली? कंपनी सरकारनं १८०३ मध्ये ओडिशा घेतलं आणि सारा चांदीच्या रुपयात मागायला सुरुवात केली. लोकांच्या घरात कवड्या होत्या, रुपया सावकाराकडं होता. १८१७ च्या पाइकांच्या उठावामागं जी कारणं सांगतात, त्यात हे एक आहे. कवडी तीच होती, तिची मोजदाद करणारा बदलला. किंमत वस्तूत नसते, ज्याच्या हातात वही असते तो ती ठरवतो. तेव्हा वही कंपनीच्या हातात होती. आज कॅटलॉग छापणाऱ्याच्या हातात आहे. आपल्या हातात कधीच नव्हती.

आता जरा कडू बोलतो, राग मानू नका.

गेल्या वर्षी, २०२५ च्या एप्रिलमध्ये, रघूजी भोसल्यांची तलवार लंडनच्या लिलावात निघाली. राज्य सरकारनं ४७ लाख १५ हजारांत ती सोडवली. ऑगस्टमध्ये ती मुंबईत आली, सोहळा झाला. मलाही अभिमान वाटला. त्याच मे महिन्यात हाँगकाँगला पिप्रहवाच्या रत्नांचा लिलाव ठरला होता. बुद्धाच्या अस्थींबरोबर पुरलेली ती रत्नं १८९८ साली एका इंग्रज जमीनदारानं उकरून काढली होती. भारत सरकारनं नोटीस दिली, लिलाव थांबला आणि जुलैच्या अखेरीस ती रत्नं देशात परत आली. मोती, माणकं, सोनं यांच्याबरोबर त्या ठेव्यात शिंपल्याचे तुकडेही आहेत. म्हणजे मनात आणलं तर शिंपल्यासाठीसुद्धा सरकार हलतं.

पण तलवार राजाची होती आणि रत्नं बुद्धाची. आराधिणीची परडी कुणाची? गोंधळ्याच्या, भुत्याच्या गळ्यातली माळ कुणाची? जेजुरीच्या वाघ्याच्या कवड्या कुणाच्या? कारखान्याच्या तळावर उतरणाऱ्या लमाण बायकांच्या जुन्या ओढण्या आणि डोक्यावरच्या इंढोण्या, ज्यांवर कवडी न् कवडी हातानं टाचलेली असते, त्या कुणाच्या? त्यांच्या पालासमोर मोटरसायकल उभी राहते तेव्हा कुठलं सरकार नोटीस देतं?

खरं दुखणं इथं आहे. आपल्याकडं वारसा म्हणजे गढी, वाडा, तलवार. इंदापूरच्या मालोजीराजांच्या गढीबद्दल बोलतो, बारामतीच्या बाबूजी नाइकांच्या वाड्याबद्दल बोलतो, मोरोपंतांचं नाव घेतो. घ्यायलाच पाहिजे. पण ज्यांच्याकडं ना गढी होती ना वाडा, त्यांचा वारसा काय? तर हीच कवडी. छत्रपतींच्या घराण्यातही भवानीच्या कवड्यांच्या माळेला मान आहे, आणि तीच माळ पालावरच्या गोंधळ्याच्याही गळ्यात आहे. एकच माळ, पण एकीला इतिहास म्हणायचं आणि दुसरीला अडगळ. हा भेद मोटरसायकलवाल्यानं केलेला नाही, आपण केलाय. तो फक्त त्यावर धंदा करतोय.

याची दुसरी बाजू अजून वाईट आहे. खरं अठराशेत घालवायचं आणि खोटं एकवीस हजारांत घ्यायचं, हा आपला नवा उद्योग.

आमच्या ओळखीतल्या एका बागायतदारानं डाळिंबाचे पैसे आल्यावर मोबाइलवरून "दक्षिणावर्ती शंख" मागवला. एकवीस हजार. लाल कापड, प्रमाणपत्र, सोबत मंत्राचा कागद. भलामोठा, पांढराशुभ्र. मी बघायला गेलो, आणि तोवर मला जे कळलं होतं ते इथं सांगतो, कुणाचे तरी पैसे वाचतील.

आपला पूजेचा शंख मन्नारच्या आखातात, तामिळनाडूच्या किनाऱ्यावर मिळतो. निमुळतं शेपूट वर आणि तोंड आपल्याकडं करून धरला तर नेहमीच्या शंखाचं तोंड डावीकडं उघडतं. लाखात एखाद्याचं उजवीकडं उघडतं, तो दक्षिणावर्ती. तो इतका दुर्मीळ की असा ऑनलाइन ढिगानं मिळणं शक्य नाही. मग ढिगानं मिळतं ते काय? अमेरिकेच्या किनाऱ्यावर एक मोठी समुद्री गोगलगाय असते, तिचं कवच जन्मतःच उलट्या बाजूला वळलेलं. सगळ्यांचंच. ते आणून घासूनपुसून "दक्षिणावर्ती" म्हणून विकतात. ओळखायची खूण सोपी आहे. तोंडातून आतल्या खांबावर बोट फिरवा. खऱ्या शंखाला तीन-चार ठळक वळ्या हाताला लागतात. त्या अमेरिकी कवचाला लागत नाहीत, खांब गुळगुळीत असतो. दादांच्या एकवीस हजारांच्या शंखात मी बोट घातलं. गुळगुळीत. वहिनींचं तोंड बघवेना. त्यांच्याच सासूबाईंचा पितळी तोंड बसवलेला जुना शंख तीन वर्षांपूर्वी भांड्यांच्या बदल्यात गेलाय.

जुन्या नाण्यांचंही तेच. "पाच रुपयाचं नाणं द्या, लाखो मिळवा" या जाहिरातींना पोरं अजून फसतात, आधी "नोंदणी फी" भरतात. रिझर्व्ह बँकेनं ऑगस्ट २०२१ मध्ये जाहीर सांगितलंय की आमच्या नावानं असे व्यवहार करणारे लबाड आहेत, असले व्यवहार आम्ही करत नाही. घरातल्या वस्तूची खरी माहिती नसली की माणूस दोन्हीकडून नागवला जातो, विकतानाही आणि घेतानाही.

कुणी म्हणेल, कायदा नाही का? आहे. १९७२ चा पुरावशेष कायदा. शंभर वर्षांहून जुनी, त्या काळची कला, धर्म, चालीरीती सांगणारी वस्तू पुरावशेष ठरते. ती देशाबाहेर नेता येत नाही आणि तिचा धंदा करायला पुरातत्त्व खात्याचा परवाना लागतो. पण शंभर वर्षं झाली हे सिद्ध कसं करणार? तलवारीवर नाव असतं, तोफेवर साल असतं. परडीवर निळं बटण असतं. शिवाय आज्जीची परडी नव्वद वर्षांची असली तर कायद्याच्या हिशेबी ती टोपलीच. म्हणजे कायदासुद्धा शेवटी कागदच मागतो, आणि कागद आपल्याकडं नाही.

१९७२ चाच दुसरा कायदा वन्यजीवांचा. २००१ पासून त्यात काही शंख-शिंपलेही आहेत. नॉटिलस, तुतारीसारखा मोठा शंख, राक्षसी शिंपला यांची खरेदी-विक्री गुन्हा आहे. साधी कवडी आणि पूजेचा शंख त्यात नाही, घाबरू नका. पण फिरायला गेल्यावर शोकेससाठी मोठाले शिंपले आणणाऱ्यांनी लक्षात ठेवा. समुद्र ओरबाडून शोकेस भरणं याला छंद म्हणत नाहीत.

आता मला मिळणारी उत्तरंही माहीत आहेत.

पहिलं : "गरिबाला पैशाची गरज असते, त्यानं विकू नये हे सांगणारा तू कोण?" मान्य. शंभर टक्के मान्य. पोरीची फी भरायची असेल तर परडी विकावी, त्यात काही पाप नाही. माझं म्हणणं एवढंच की विकणाऱ्याला भाव माहीत पाहिजे. अठ्ठावीस हजारांपासून बोली लागणारी वस्तू घंगाळाच्या वजनात फुकट जाते, याला गरज म्हणत नाहीत, लुबाडणूक म्हणतात.

दुसरं : "परड्या, जोगवा, पोतराज ही सगळी अंधश्रद्धा. गेली तर बरं झालं." यातलं अर्धं मलाही पटतं. देवाच्या नावानं पोरी सोडण्याची प्रथा गेलीच पाहिजे, तिच्याविरुद्ध कायदा आहे आणि तो कडक पाळला पाहिजे. पण प्रथा संपवायची म्हणजे पुरावा संपवायचा नाही. उलट आपल्या बायकांनी काय सोसलं, कशाच्या आधारानं सोसलं, हे पुढच्या पोरीला दाखवायला ती परडी काचेआड असली पाहिजे. दिल्लीच्या दिवाणखान्यात शोभेला नाही.

तिसरं : "संग्राहकांमुळंच वस्तू टिकतात." हेही खरं. पुण्याचं केळकर संग्रहालय बघा. दिनकर केळकरांनी आयुष्यभर घराघरातून दिवे, अडकित्ते, भांडी जमवली आणि १९७५ साली सगळा संग्रह सरकारच्या, म्हणजे तुमच्या-माझ्या स्वाधीन केला. असा संग्राहक दारात आला तर मी चहा पाजीन. माझं भांडण जमवणाऱ्याशी नाही. वस्तूवरचं माणसाचं नाव पुसून ती विकणाऱ्याशी आहे.

मग करायचं काय? नुसती बोंब मारून उपयोग नाही. माझ्या डोक्यात आलं ते मांडतो. सुधारणा सुचवा.

१) घरात शंख, कवड्यांची माळ, परडी, बैलाचा साज, काहीही असेल तर आजच मोबाइलवर फोटो काढा. दोन्ही बाजूंनी. सोबत लिहा : कुणाची, कुठून आली, कशाला वापरायचे. म्हातारी माणसं आहेत तोवर त्यांना विचारा. त्यांच्या आवाजात रेकॉर्ड केलं तर उत्तमच.

२) १५ ऑगस्टच्या ग्रामसभेत एक विषय मांडा : गावातल्या जुन्या वस्तूंची वही. खर्च शून्य. वही शाळेत किंवा गावच्या ग्रंथालयात राहील. वस्तू ज्याची त्याच्या घरी, फक्त नोंद गावाची.

३) जिल्हा परिषद शाळेच्या गुरुजींना आणि बाईंना विनंती. दिवाळीच्या सुट्टीत "माझ्या घरातली सर्वांत जुनी वस्तू" एवढा एकच अभ्यास द्या. पोरं आज्जीपाशी बसतील. निबंधाच्या निबंध होईल, नोंदीच्या नोंदी.

४) दोन्ही तालुक्यांच्या पुढाऱ्यांना, सगळ्याच पक्षांच्या, एक मागणं. चौकात नवी कमान, नवा पुतळा उभारताना एक खोली द्या. एकच. बारामतीत एक, इंदापुरात एक. जिथं गोंधळ्याची माळ, लमाणांची इंढोणी, धनगराचं घोंगडं, बैलाचा साज मालकाच्या नावासकट ठेवता येईल. आपल्या दोन्ही तालुक्यांतून तुकोबांची पालखी जाते, लाखो लोक इथून चालत जातात. त्यांनाही बघू द्या आपण कोण होतो ते.

५) दारात जुनं घेणारा आला तर त्याला तीन प्रश्न विचारा. नाव काय, परवाना आहे का, पावती देणार का? बघा मोटरसायकल किती वेळ थांबते.

यातलं पहिलं काम मी स्वतःपासून सुरू केलंय, उशिरा का होईना. आईचं वय आता ऐंशीच्या पुढं आहे. परवा तिला बसवून परडीचं सगळं वर्णन लिहून घेतलं. किती कवड्यांच्या ओळी, कुठल्या रंगाचं कापड, बटण कुठल्या बाजूला. तिला बारीकसारीक सगळं आठवतंय. वस्तू नाही, पण नोंद तरी झाली.

आणि एक शेवटची विनंती. बांबूची छोटी परडी, काठाला लाल कापड, त्यावर कवड्यांच्या तीन ओळी, मधल्या ओळीत एका कवडीच्या जागी शर्टाचं निळं बटण. अशी कुणाला कुठं दिसली, दुकानात, लिलावात, कुणाच्या दिवाणखान्यात, तर मला कळवा. चोर म्हणून कुणावर बोट ठेवायचं नाही, विकली मीच होती. जे योग्य मोल असेल ते देऊन घेईन. आई आहे तोवर ती तुळजापूरला न्यायची आहे.